मुनीमची सुई

२ एप्रिल, मंगळवार. लातूर.

पोचले एकदाची! मुदखेडहून निघताना जाऊबाई म्हणली, बोका सांभाळायला कुणी बाई ठेवत असतं का, फसशील बघ. फसले न्हाई. बोका खरा आहे, घर खरं आहे आणि माझ्या खोलीत कूलरसुद्धा आहे. अकरा वर्षं सासूबाईंचं हागणं-मुतणं काढलं, त्या गेल्या आणि तेरावं होताच दिरानं घराला कुलूप घातलं. आता हा एक सहा किलोचा बोका. हसू येऊन राहिलं मला.

घर गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. मालकीणबाई उमादेवी, वय चौऱ्याहत्तर, सगळे त्यांना अव्वा म्हणतात. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आवाज एकदम मऊ. त्यांचे मालक माणिकप्पा आडत दुकानदार होते, दोन वर्षांमागं वारले. त्यांचीच खोली, त्यांचीच खाट मला दिलीय. बोकाही त्यांचाच. दुकानात गादीवर ठाण मांडून बसायचा म्हणून नाव पडलं मुनीम. मुलगा संगमेश्वर बंगळूरला असतो, त्यानंच मला फोनवर ठरवलं. अव्वा बोक्याला सुई द्यायला साफ नाही म्हणतात, म्हणून मी.

मुनीमला शुगर आहे. माणसाला असते तशीच. जनावरांच्या डॉक्टरांनी आज दाखवलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. आधी खाऊ घालायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई. जागा रोज बोटभर बदलायची. सुईवरच्या रेघा दोन, तिसरी चुकूनही न्हाई, नाहीतर झोपेतच जाईल म्हणले. सगळं वहीत लिहायला लावलंय. वहीत पुढून बोक्याचं लिहीन, मागून माझं.

५ एप्रिल

लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई आणि हा बाबा दिवसाला दोन लोटे पितो! तेवढंच वाळूच्या घमेल्यात मुततो, की तासाभरात काळ्या मुंग्यांची रांग. घमेलं धू, वाळू बदल, पाणी भर. पण मुनीम गुणाचा आहे. सुई दिली की माझ्याकडं पाठ करून बसतो, तेवढाच त्याचा राग.

अव्वा दारात उभ्या राहून बघतात. आज म्हणल्या, हात हलका हाय तुझा. मालकांनाही शुगर होती, एकोणीस वर्षं सुई त्यांनीच दिली म्हणे, दिवसातनं तीनदा. दुपारची तर ते झोपेत असताना, आणि एकदाही जाग आली न्हाई. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग बोक्याला का देत न्हाईत विचारलं, तर म्हणल्या, माझं देऊन झालं.

१० एप्रिल

रात्रीची झोप उडाली आहे. सासूबाई जाऊन चार महिने झाले तरी माझे कान उघडेच. हाक आली असं वाटतं आणि उठून बसते. उठलं की मुनीम पाण्यासाठी ओरडत असतोच. मग दुपारी जेवण झालं, कूलर लागला की मढ्यासारखी पडते.

आज जाग आली तर कपाळावर तीन बोटं विभूती. अव्वा उशाशी बसून होत्या. म्हणल्या, तोंड बघ किती उतरलंय, तुला कुणी निजूच दिलं न्हाई वाटतं. मला एकदम रडू आलं. अकरा वर्षांत हे मला एका माणसानं विचारलं न्हाई. नवरा तर पुण्याला कामाला गेला तो गेलाच, आईचं करायला बायको ठेवून.

१४ एप्रिल

दुपारी उठले ती घामानं चिंब. हात थरथर कापून राहिले, डोळ्यापुढं काजवे. भूक अशी लागली की उभ्या-उभ्या तीन भाकरी खाल्ल्या. ऊन बाधलं असेल. गेले तीन दिवस असंच होऊन राहिलं. अव्वांनी आजही विभूती लावली होती.

संध्याकाळी मुनीमनं बोचकारलं. मी म्हणलं, मर एकदाचा. मोठ्यानं म्हणलं. सासूबाईंनाही म्हणले होते, शेवटच्या आठवड्यात, तोंडावर. त्या गेल्या तेव्हा मला पहिलं काय वाटलं ते कुठंतरी लिहिलं पाहिजे. वाटलं, उद्या पाचला उठायचं न्हाई. रडू नंतर आलं, तेही बाया जमल्या म्हणून. सगळ्या म्हणल्या, उज्वलानं लई केलं. केलं! आग लागो त्या केलेल्याला.

१७ एप्रिल

इन्सुलिनची बाटली संपत आली.

डॉक्टर म्हणले होते, महिना झाला की उरलेली टाकून द्या. उरणार कुठली, पंधरा दिवसांतच तळ दिसून राहिला. मी झोपेच्या तारेत मुनीमला दोन-दोनदा देऊन राहिले का काय? पिशवीत घालून रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानाचं रक्त तपासलं. साखर उलट चढलेलीच आहे म्हणले, जास्त काही दिलं गेलेलं न्हाई.

मग गेलं कुठं? सुयांच्या पाकिटातही सात सुया कमी. अव्वांना विचारलं. त्या म्हणल्या, जेवून घे, मग नीज जरा.

१९ एप्रिल

आंघोळ करताना दिसलं. डाव्या दंडावर मागच्या बाजूला ठिपके. बारीक, लाल. नऊ आहेत. डास असे ओळीत चावत न्हाईत, आणि एवढं मोजून तर न्हाईच. प्रत्येकात बोटभर अंतर आहे.

उशीला स्पिरिटचा वास येऊन राहिला.

संगमेश्वरांना फोन केला. ते हसले. म्हणले, अव्वा मुंगीलासुद्धा दुखवत न्हाई, तुम्ही थकला असाल. आधीची बाईही चक्कर येते म्हणायची, सगळ्याच म्हणतात. मी विचारलं, कुठं आहे ती. किल्लारीची सिंधु. गेली म्हणले, याच खाटेवर, दुपारच्या झोपेत. हार्ट अटॅक. चांगलं मरण आलं बाईला, म्हणले. मग म्हणले, मीटिंग आहे, तुम्ही जरा सांभाळून घ्या.

सांभाळूनच घेत आले की मी सगळ्यांना!

२० एप्रिल

अव्वांना सरळ विचारलं. वाटलं होतं, बाईला भ्रम झाला असेल. न्हाई. डोकं माझ्यापेक्षा साफ आहे. मेथी निवडत-निवडत सांगितलं त्यांनी. एकोणीस वर्षांनी एका दुपारी त्यांनी मालकांची सुई जास्त भरली. मालक निजले ते निजलेच. आणि त्या दिवशी अव्वा पाच वाजेपर्यंत झोपल्या, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. सिंधुही अशीच बेजार होऊन आली होती म्हणल्या, तिलाही निजवलं. आता मी. एकदम न्हाई देत पोरी, म्हणल्या, थोडी-थोडी वाढवत नेते, तुला तरास नको.

राग न्हाई त्यांच्या बोलण्यात. माया आहे. खरी माया आहे, तेच वाईट.

पोलिसात जाईन म्हणलं. हाव, जा की, म्हणल्या, मुनीमची सहाची देऊन जा. मग माझ्या ताटात गरम भाकरी वाढली.

मी ती खाल्ली.

२१ एप्रिल, सकाळ

रात्रभर आतून कडी लावून बसले. बाटली कमरेला बांधली आहे. पिशवी भरली. नांदेडची गाडी आठला.

जाऊ कुठं? मुदखेडला कुलूप आहे. भाऊ म्हणेल, चार दिवस रहा. मग त्याच्या सासूचं करायला बसवेल, ती पडूनच आहे. मुनीमची सहाची दिली. त्यानं आज पाठ केली न्हाई.

दुपार

आठची गेली — नुसतं खाटेवर टेकले होते — डोळा कधी लागला —

कडी लावलेलीच आहे. ठिपके नऊच. मोजले.

फ्रीजमध्ये भाजीच्या खाली मालकांच्या वेळच्या बाटल्या आहेत. तीन. सकाळी बघितल्या होत्या. फेकायला हव्या होत्या. सुचलंच न्हाई. डोकं चालत न्हाई, किती दिवस झाले —

अव्वा दाराबाहेर बसल्यात. दार वाजवत न्हाईत. विचारून राहिल्या, पाय चेपून देऊ का.

अकरा वर्षं चेपले मी. रोज. माझे कुणी —

न्हाई उघडणार.

अजून बसल्यात. म्हणतात, नुसते पाय. म्हणतात, सासूला मर म्हणलीस ते मला कळतं, मी पण म्हणले होते. ही वही वाचली त्यांनी — माझी बाजू — आणि शिवी दिली न्हाई. तोंड फिरवलं न्हाई.

कडी मीच काढली.

२१

घाम. अक्षर हलून राहिलं. यावेळी पोटाला. एकदा — न्हाई, दोनदा. जागी होते मी. बघत होते. अडवायला हात पुढं केला न्हाई —

आता कळून राहिलं. झोप पाहिजे होती. मरण न्हाई. एवढा साधा फरक — कुणी सांगितलाच —

गूळ मागितला. शुगरच्या घरात गोड कुठलं, म्हणल्या. उठायला गेले. पाय माझे न्हाईत. फोन खिडकीत आहे, चार पावलं —

पाय चेपून राहिल्या. हात लई मऊ.

मुनीम ओरडतोय. सहा वाजले असतील. उठू द्या म्हणलं, त्याची वेळ झाली. म्हणल्या, एक दिवस न्हाई दिली तर चालतंय.

चालतंय. हे मला कुणी कधी —

उठवा म्हणलं. अव्वा, उठवा मला. त्या म्हणल्या, कशाला. कोण वाट बघून राहिलंय तुझी, एक नाव सांग, उठवते.

मुनीम, म्हणलं.

माणसाचं सांग, म्हणल्या.

आठवून राहिले. थांबा. आहे एक. थांबा — आहे —