धुक्यात भरलेले अधिवेशन

लालबाग, मुंबई
२२ जुलै १९५७

तीर्थरूप मामांना लवूचा नमस्कार. मामींचा खोकला थांबला असेल. (आमच्यातल्या बहुतेकांना तो लागला आहे, म्हणजे त्यांच्याकडे फारसा उरला नसावा.)

आमच्या छायाचित्रकार संघाचा नियम तुम्हाला सांगितला होताच. सलग दोन वर्षे अधिवेशन भरले नाही, तर संघ बरखास्त. गेल्या वर्षी दादरचे जमावबंदीने बुडाले. यंदाचेही बुडते, तर संघ संपवणारा चिटणीस म्हणून माझे नाव राहिले असते. ज्या ऋतूत ज्या गावी कोणी जात नाही तिथे जायचे, हा आमचा जुना रिवाज. (खोल्या मिळतात आणि खानावळवाले नम्र असतात.) म्हणून मी जुलैत तुमचे महाबळेश्वर सुचवले. पावसाचा विचार केला होता. धुक्याचा केला नव्हता.

तुम्ही दारापुढची, पावसासाठी बांधलेली गवताची ताटी सरकवून "या, आत या" म्हणालात, तेव्हा मागे सोळा जण आहेत हे तुम्हाला दिसलेच नव्हते, असे मामी नंतर म्हणाल्या. तरी सगळ्यांना पिठले-भाकरी मिळाली, सगळ्यांचे कपडे चुलीपाशी वाळले. हे आम्ही विसरणार नाही.

त्याआधी कड्यावर जाण्याचा हट्ट अध्यक्ष रघुवीररावांचा. ("फोटोग्राफर म्हणवता आणि ढगाला भिता?") थोड्याच वेळात आम्ही एकमेकांना हरवलो. "अहो" म्हटले की सगळेच ओ देत, दरीच्या बाजूनेही. शेवटी गिरगावचे सीताराम ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—" आणि चहूकडून आले, "झालाच पाहिजे!" त्या आवाजाच्या रोखाने सगळे गोळा झाले. मोजले तर एक जास्त. तो हवालदार होता.

"घोषणा कोणी दिली?" त्याने दरडावले.

"अर्धी मी," सीताराम म्हणाले, "अर्धी तुम्हीपण."

आमच्यामागोमाग तुमच्या घरी आलेल्या, घोंगडीत गुंडाळलेल्या ज्याला तुम्ही आमच्यातला समजून दोनदा चहा दिलात, तो हाच.

मामींना नमस्कार. तुमच्यामुळे संघ वाचला.

तुमचा,
लवू

ता. क. तुमच्या अंगणात काढलेला सगळ्यांचा फोटो धुऊन झाला. पांढरा आहे. (डावीकडचा ठिपका आपण, असे रघुवीररावांचे म्हणणे.) जे आले नव्हते ते आता म्हणतात, अधिवेशन झालेच नाही. तरी आम्ही आलो होतो, बसलो होतो, ठराव केले होते, असे तुम्ही चार ओळींत लिहून सहीनिशी पाठवावे. फोटोवाल्यांनी लेखी दाखला मागणे शोभत नाही, पण संघ आता त्यावरच तगेल.

आणखी एक. पुढचे अधिवेशन नागपूरला ठरते आहे, मे महिन्यात. उजेडाची अडचण येणार नाही. मामींचे माहेर सीताबर्डीलाच ना?