कानाला लावलेला पेचकस

इचलकरंजी
३ सप्टेंबर २०२५

ती. दादा यांस,
मोहनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र गौरी जेवल्या त्याच दिवशी मिळालं. पंधरा दिवसांनी एक पाकीट टाकणारी बाई म्हणून पोस्टातले लोक मला आता नावाने ओळखतात. सगळं जग फोनवर बोलतं आणि आपण भाऊबहीण तिकिटं चिकटवतो. फोनमध्ये माणूस खोटा वाटतो, हे तुमचं म्हणणं मी गेली तीन वर्षं मुकाट्याने ऐकते आहे. असो.

आज लिहिण्याचं कारण तुमचा भाचा. नंदेसरीच्या कारखान्यात बढती मिळाल्यापासून विहंगच्या डोक्यात ती जर्मन मोटार शिरली आहे. सहा सिलिंडरची, पाच सेकंदांत शंभरावर जाणारी. नवी घेणं या जन्मी जमणार नाही, म्हणून जुनी बघतो आहे. मी म्हटलं, अरे, गोत्रीच्या घरून नंदेसरीला जायला विमान कशाला हवं? तर म्हणतो, आई, मे महिन्याच्या सुट्टीत मामांच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं पाने उचलून दिले, ते काय रिक्षा चालवायला? सूनबाई पूर्वीचाही त्याला पाठिंबा आहे. नवऱ्याला एवढी एकच हौस आहे, ती होऊ द्या, असं ती म्हणते.

तेव्हा दादा, आपल्या घरची रीत तुम्ही सांभाळा. यांची पहिली स्कूटर घेतली तेव्हाही तुम्ही इंजिनाला पेचकस टेकवून मूठ कानाला लावली होतीत आणि मान हलवल्यावरच आपण नारळ फोडला होता. या गाडीलाही तुमचा कान लागू दे. पितृपक्षात नको, नवरात्रात बघा. आणि जाताना पीयूषला सोबत न्या. आता तुमचं गॅरेज तोच चालवतो, त्याला नव्या गाड्यांची माहिती असेल.

वहिनी गेल्यापासून जेवणाची हेळसांड चालली असेल. दुर्गाकाकूंकडचा डबा बंद करू नका. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
मोहना

बडोदे, रावपुरा
२८ सप्टेंबर २०२५

चि. मोहना हिस,
सुभानरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. पीयूषला न्यायची मला गरज वाटली नाही. ज्याला मी क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते शिकवले, त्याने माझ्या शेजारी उभे राहून गाडी पास करायची? हल्ली तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, ते वेगळेच.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिली पांढरी, गोत्रीच्याच एका डॉक्टरची. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना पाठीत धक्का बसला. मी उतरलो आणि डॉक्टरांचा चहा पिऊन परत आलो. दुसरी काळी, सुरतेहून आलेली. बॉनेटच्या बिजागरीच्या स्क्रूंवर पान्याचे ओरखडे होते, म्हणजे नाक एकदा फुटून बसवलेले. विकणारा शपथा घेऊ लागला. मी बोट ठेवून ओरखडा दाखवला, मग त्याचे सगळे देव संपले.

तिसरी हायवेलगतच्या जुन्या गाड्यांच्या यार्डातली. गडद निळी, पेट्रोलची, अडतीस हजार किलोमीटर चाललेली. विहंगचा चेहरा असा खुलला की तुझ्या सुनेलाही मत्सर वाटावा. मी मात्र भुललो नाही. पत्र्यावरून हात फिरवला, रंग मूळचा. सीटखाली गंज नाही. आतला गालिचा आणि सीटचे पट्टे नवे कोरे आहेत, ती मालकाची हौस, असे यार्डवाल्याने विहंगला सांगितले. मग गाडी जॅकवर चढवून चारही चाके फिरवायला लावली आणि प्रत्येकाच्या मुळाशी पेचकस टेकवून कान लावला. इंजिनालाही लावला. मोहना, पन्नास वर्षांत इतकी शांत गाडी माझ्या कानाला लागली नव्हती. मी मान हलवली. विहंगने तिथेच माझे पाय धरले, पंचवीस माणसांसमोर.

तुझी नात सानवीही आली होती. चार वर्षांची झाली तरी लाडोबाच आहे. काही सांगायचे असले की माझ्या मांडीवर चढते, हनुवटी धरून माझे तोंड आपल्याकडे वळवते आणि मगच बोलते. असा हक्क तुझ्या भावावर आजवर कोणी गाजवला नव्हता.

गाडी दसऱ्याला घरी येईल. गुडघ्याला तेल लावत जा. मुलाबाळांना सुख लाभो, हा आशीर्वाद.

तुझा,
दादा

इचलकरंजी
९ ऑक्टोबर २०२५

ती. दादा यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

दसऱ्याचे फोटो पूर्वीने पाठवले. निळ्या गाडीवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं आणि बाजूला तुम्ही कोशा फेटा बांधून, जसं काही सरकारी फौजेत आजच दाखल झालात. पणजोबांचा तलवारीवाला फोटो आठवला. चारजणींना दाखवून आले.

एक सांगायचं आहे, रागावू नका. परवा ती दोघं पावागडला जाऊन आली. गाडी ऐंशीच्या वर गेली की मागच्या डाव्या बाजूने घुं घुं असा आवाज येतो, असं पूर्वी म्हणते. विमान लांबून जावं तसा. विहंग तिला म्हणाला, मामांनी कान लावला आहे, टायरचा असेल. पण त्याच्याही मनात थोडं आहे, मला फोनवर जाणवलं. तुम्ही एकदा परत बघाल का? किंवा तुम्हाला दगदग नको, पीयूषलाच एक चक्कर मारून आणायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही. मोठे वैद्यसुद्धा दुसऱ्याला नाडी बघायला सांगतात.

दिवाळीच्या फराळाचा डबा पाठवते आहे. चकल्या दातांना सोसतील अशा केल्या आहेत. माया असू द्या.

तुमची,
मोहना

बडोदे
१६ ऑक्टोबर २०२५

चि. मोहना हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर परवाच त्या गाडीत बसून हायवेने वासदपर्यंत जाऊन आलो. विहंगने नव्वद, शंभर, सव्वाशे केले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिले. मी डोळे मिटून बसलो होतो. काहीही आवाज नाही. मी त्याला तसे सांगितले. टायर रुंद आहेत, सिमेंटच्या रस्त्यावर गुणगुणतात, पूर्वीला सवय नाही.

तू मला नाडी आणि वैद्य शिकवू नकोस. या शहरात मला अजून कानाचा मिस्त्री म्हणतात. माझ्या मागून पीयूषने गाडी तपासायची असेल तर मी मान हलवली कशाला?

रागावलो नाही. चकल्या पोचल्या, खुसखुशीत आहेत. दिवाळीनंतर ये, विहंग तुला त्याच गाडीतून डाकोरला नेणार म्हणतो आहे. सर्वांचे कुशल असो.

तुझा,
दादा

बडोदे
२७ नोव्हेंबर २०२५

मोहना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून मायना सोडला आहे. रागावू नकोस.

तू तेरा दिवस इथे होतीस. रोज समोर बसत होतीस. जे सांगायचे ते मी तुला तोंडाने सांगू शकलो नाही, म्हणून तू गेल्यावर लिहितो आहे.

काल पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन गाडी पाहिली. मोटार खात्याचा निरीक्षक होता, भला माणूस. त्याने मला मागचे डावे चाक दाखवले. बेअरिंग जळून काळे पडले होते. एक्सप्रेस वेवर, आणंदच्या अलीकडे, ते अडकले, चाक जाम झाले आणि गाडी गरगरत दुभाजकावर गेली. विहंग अहमदाबादला कंपनीच्या कामाला निघाला होता, वेग एकशे दहाच्या आसपास. त्याची काही चूक नव्हती, असे निरीक्षकाने मला कागदावर लिहून दाखवले. लिहून का, ते पुढे सांगतो.

मग मी डॅशबोर्डच्या खाली हात घातला. बोटांना वाळलेला गाळ लागला, बारीक, करडा. विश्वामित्री नदीचा गाळ मला कोणी ओळखून द्यायला नको. गेल्या वर्षीच्या पुरात ही गाडी बुडालेली होती. म्हणून गालिचा नवा, म्हणून पट्टे नवे. पुरानंतर असल्या गाड्या बाजारात येणार हे रावपुऱ्यातल्या पानवाल्यालाही ठाऊक होते. नवे पट्टे मी पाहिले होते, मला शंकाही आली होती. मी स्वतःशी म्हणालो, पाणी गेले असेल तर बेअरिंग बोलेल. बेअरिंग कधी खोटे बोलत नाही. मी पेचकस लावला आणि ते गप्प होते.

ते गप्प नव्हते. मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. डाव्या कानाने आठ वर्षे नाही, उजव्याने पाच. आधी वरचे आवाज गेले, मग माणसांचे. तुझ्या वहिनीला माहीत होते. ती माझ्या शेजारी उभी राहून मला खुणा करायची. ती गेली तेव्हा मी तुला लिहिले की मला फोन आवडत नाही. गॅरेज पीयूषला दिले ते गुडघ्यांमुळे नाही. पेचकसाच्या दांड्यातून हाताला थरथर कळते, तेवढी पुरते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वासदच्या रस्त्यावर विहंग माझ्याकडे पाहत होता तेव्हा मी डोळे मिटले, ते ऐकण्यासाठी नाही. त्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून.

यार्डवाल्यावर गुन्हा दाखल झाला आहे. त्याच्या वकिलाचे म्हणणे असे की, शहरातल्या सर्वांत जाणत्या मिस्त्रीने गाडी तपासून पास केली, मग आमच्या अशिलाला दोष कसा? म्हणून मी आज कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने काढलेला आलेख आणि माझा जबाब पोलिसांना दिला. जबाबात लिहिले आहे की मी बहिरा आहे, गाडी तपासताना बहिरा होतो आणि हे मी भाच्यापासून लपवले. जबाब उतरवणाऱ्या मुन्शीने तो मोठ्याने वाचून दाखवला असावा. बाकावरची माणसे माझ्याकडे वळून पाहत होती.

एक राहिले. दहाव्याच्या दिवशी घाटावर तू माझ्याजवळ येऊन काहीतरी विचारलेस. तुझे ओठ हलताना दिसले, पदर तोंडावर होता. मी मान हलवली. काय विचारलेस, ते मला आजही माहीत नाही.

या पत्राला उत्तर आले नाही तर मी समजून घेईन.

सुभानराव

इचलकरंजी
९ डिसेंबर २०२५

ती. दादा यांस,
मोहनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मायना मी सोडणार नाही. पत्र येऊन आठ दिवस झाले. चारदा लिहायला बसले आणि उठले. तुमचा राग आला होता. अजून आहे. विहंगच्या लहानपणच्या कपड्यांचं गाठोडं काढून बसते तेव्हा मी तुमचं नाव घेऊन वाईटसाईट बोलते. हे तुम्हाला कळलेलं बरं.

आता माझं ऐका. मला माहीत होतं.

सानवीच्या बारशाला आम्ही पाळणा म्हणत होतो, आणि तो संपून सगळ्याजणी गप्प झाल्यावरही तुम्ही हाताने ठेका धरून होतात. मी तेव्हाच ओळखलं. कोणाला बोलले नाही. तुम्ही फोन आवडत नाही म्हणालात, मी पोस्टाची तिकिटं आणली. मला वाटलं, मी तुम्हाला जपते आहे.

विहंगलाही माहीत होतं. गाडी बघायला जाण्याआधी त्याने मला फोन केला होता. म्हणाला, आई, मामांना ऐकू येत नाही गं, मी त्यांना घेऊन जातो, फेटा बांधू दे, पेचकस लावू दे, पण नंतर गुपचूप पीयूषभाईंकडून गाडी तपासून घेतो. आणि मी त्याला रागावले. म्हटलं, पीयूषच्या तोंडून ते गावभर होईल, मामा मरून जाईल लाजेने. त्याने मान हलवल्यावर दुसऱ्याला दाखवायचं नाही, तुला माझी शपथ आहे. पीयूषला न्यायचं तर तुम्हीच न्यावं, म्हणून तुम्हाला आडून आडून लिहीत राहिले. घुं घुं आवाजाचं कळल्यावरही मी त्याची शपथ सोडवली नाही, तुम्हाला पत्र लिहिलं. पत्र पोचायला चार दिवस लागतात दादा. फोन करून त्याला, गाडी पीयूषकडे घेऊन जा, म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं.

म्हणजे तो तुमच्याबरोबर वासदच्या रस्त्यावर बसला होता, तेव्हा त्याला आवाज येत होता, आणि तुम्हाला येत नाही हेही ठाऊक होतं. तरी तुम्ही आवाज नाही म्हणालात आणि तो बरं म्हणाला. मीच त्याला तसं वाढवलं.

घाटावर मी तुम्हाला हेच विचारलं होतं. दादा, मी त्याला शपथ घातली, मीच त्याला मारलं ना? तुम्हाला ऐकू आलं नाही हे मला तिथेच समजलं होतं. तरी तुम्ही मान हलवलीत, आणि तेव्हापासून मी तिथेच उभी आहे.

जबाब दिलात ते बरं केलंत. खटला उभा राहिला की माझाही जबाब घ्या म्हणून वकिलांना सांगा. मी शपथेचं सांगणार आहे, भर कोर्टात.

पूर्वीशी रोज बोलते. ती कोणालाच दोष देत नाही, तेच सोसत नाही. सानवीने परवा विचारलं, मामाआजोबा का येत नाहीत. त्या पोरीला कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तिला तुमच्याशी कसं बोलायचं ते आपोआप कळलं.

पत्रं आता पुरे. सतरा तारखेच्या गाडीने मी बडोद्याला येते आहे, दाराला कडी लावू नका, घंटा वाजवून उपयोग नाही. आल्यावर मला तोच प्रश्न परत विचारायचा आहे. या वेळी तुमची हनुवटी धरून विचारीन, आणि तुम्ही उत्तर द्यायचं आहे.

तुमची,
मोहना