भाताच्या टोकाचा मानकरी

५ ऑगस्ट, बांडुंग
ठरलं! आमच्या डेटाबेसची नवी आवृत्ती शुक्रवारी बाहेर. त्याच दिवशी ऑफिसात तुंपेंग, म्हणजे पिवळ्या भाताचा डोंगर. त्याचं टोक कापून आमच्या साहेबीणबाई, बू निनिंग, नव्या सुरक्षाप्रमुखाला देणार. नाव गुप्त आहे. माझंच आहे.

६ ऑगस्ट
किरकोळ विघ्न. मला ‘कांग’, म्हणजे दादा, म्हणणारी टेस्टर इमास म्हणाली, "कांग तातांग, बॅकअपच्या नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकली, की तुमचा डेटाबेस आपला फोल्डर सोडून वर चढतो. मग मशीनवरची कुठलीही फाइल वाचा." मी विचारलं, असलं नाव ठेवतं कोण? म्हणाली, "चोर."

६ ऑगस्ट, दुपार
एका ओळीत फिक्स! नावात टिंब-टिंब-रेघ दिसली रे दिसली, की पुसायची. इमासने विचारलं, "एकदाच पुसता?" काय पण पोरगी! घाण किती वेळा पुसतात? असो. भाषण लिहायला घेतलं.

७ ऑगस्ट
भाषण फक्कड जमलंय. सुरुवात: ‘हा मान मला अगदीच अनपेक्षित आहे.’ इथे गळा दाटून आणायचा. आरशासमोर सराव केला. दाटत नाही, खोकला येतो. जमेल.
संकल्प: रोज अर्धा तास जुना कोड तपासणे. सोमवारपासून. आज बाटिकचा शर्ट इस्त्रीला द्यायचाय.

८ ऑगस्ट, सकाळ
डेमो माझ्याच मशीनवर घ्या, असा हट्ट धरला. इतकं सुरक्षित मशीन अख्ख्या बांडुंगात नाही. भात आलाय. टोकावर लाल मिरची खोचलीय. वा!

८ ऑगस्ट, जेवणाआधी
बू निनिंग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इमास, फोडून दाखव बघू." तिने चार टिंबं आणि दोन रेघा टाकल्या. माझ्या ओळीने मधली टिंब-टिंब-रेघ इमानेइतबारे पुसली. उरलेली दोन टिंबं आणि रेघ सरकून एकमेकांना चिकटली. झालं तयार! म्हणजे दार मीच उघडून दिलं.
तिने पहिली दिसली ती फाइल उघडली. मोठ्या पडद्यावर: ‘हा मान मला अगदीच अनपेक्षित आहे. (गळा दाटणे.)’ तारीख कालची. अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. भात आणणारासुद्धा.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
टोक इमासला. ती इतकी लाजली, की तोंडून शब्द फुटेना. बू निनिंग म्हणाल्या, "तातांग, तुझं भाषण तयारच आहे ना? तिच्या वतीने तूच वाचून टाक."
वाचलं. ठरल्या जागी गळा दाटला. आणावा लागला नाही.