वाकडा भांग

सोमवार, जून. संध्याकाळ.

आज सईची पाचवी सुरू झाली. तिच्या आईची ड्युटी पहाटेची, म्हणून पहिलीपासून तिच्या वेण्या मीच घालतो. आज कंगवा घेऊन गेलो, तर बाईसाहेब स्वतःच वेण्या घालून तयार! मागचा भांग मात्र पार वाकडा. सांगावं का? कंगवा खिशात टाकला. व्हॅन वळून गेली तरी डोळ्यांसमोर तो भांगच. दिवसभर ऑफिसातसुद्धा.

आल्या आल्या दप्तर टाकून म्हणाली, "बाबा, माझा भांग वाकडा होता. सांगितलं का नाहीस?"

"तुला राग आला असता."

"आलाच असता. पण मला मागचं दिसत नाही ना! उद्यापासून भांग तू पाड, वेण्या मी घालीन."

म्हणजे अर्धी नोकरी अजून शाबूत आहे.