मळीच्या टाकीवरचा पडदा

५ जानेवारी
सांगलीहून आलो, कराडजवळच्या साखर कारखान्यात रुजू झालो. खोली हवेशीर, मेसमध्ये गरम भाकरी. काम तर माझ्या आवडीचं! मळीच्या बंद टाकीत कॅमेरा आहे. त्याचं चित्र आणि मळीची पातळी ऑपरेटरच्या केबिनमध्ये पडद्यावर दाखवायची, बस्स. एकाच कामाचं यंत्र. म्हणून लिनक्स घातलं ते डेस्कटॉपशिवाय.

७ जानेवारी
आधी लिनक्सच्या जुन्या 'एक्स' चित्रप्रणालीवर, खिडक्या सांभाळणारा हलका विंडो मॅनेजर लावून पाहिला. दहा मिनिटांत पडदा काळा, मधोमध माउसचा बाण. शेवटी नव्या 'वेलँड' प्रणालीवरचं 'केज' घेतलं. एकच प्रोग्राम, पडदाभर; वीज आली की आपोआप सुरू. ऑपरेटर आकाराम तात्या, फौजेतून निवृत्त झालेले, खूश झाले. पूर्वी गुंडा नावाचा कामगार शिडीवर चढून, टाकीचं झाकण उघडून आत वाकून पातळी बघायचा. तो कुठे गेला, विचारलं.
"सायेब म्हणत्यात, गावाकडं गेला. पर चपला हितंच हायत रं."

९ जानेवारी
मळीचा वास केसांत, अंथरुणात, भाकरीत. गोड, आंबूस, कुजका. पडद्यावर सारखे बुडबुडे येतात नि फुटतात. आज एक फुटलाच नाही. दुपारभर तसाच, फिकट, गुळगुळीत. चित्र मोठं करून पाहिलं.
त्याला कान होता.

१० जानेवारी
लॅबमधल्या दीपमाला मॅडमनी मळीचा नमुना गाळला. चाळणीत नख निघालं. त्या ओकल्या. कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, उसाचं चिपाड आहे. मला म्हणाले, चित्र काढून टाक, नुसता आकडा ठेव. एका ओळीचा बदल. मी केला. तात्यांकडे बघवलं नाही.

११ जानेवारी
चित्र परत आलंय. प्रोग्राम तपासला, त्यात चित्र नाही. कॅमेऱ्याची वायर उपटली, ती माझ्या हातात आहे — तरी तो दिसतोय. चेहरा पडद्याच्या काचेला आतून टेकलेला. उघड्या तोंडातून मळी आत जाते, बाहेर येते. बाहेर, आत — शी!
आणि तिकडे टँकर भरून चाललेत.

१२ जानेवारी
तात्यांनाही दिसलं. दंड धरला माझा.
"चल, पोलिसात सांगू. गुंडाची आय वाट बघतीया, सम्मेद."
उद्या जाऊ म्हणालो. नोकरी नवी आहे — घरी काय सांगू —
थुंकलो तर काळं. चिकट. तार तुटेना.

१३ जानेवारी, सकाळ
बोलता येत नाही. जीभ टाळूला चिकटते. बोट घालून ओढलं — केस निघाले. मळीत भिजलेले. माझे नाहीत.
तात्या दार वाजवतायत. ओ देता येईना.

दुपार
घशातून वर येतंय — गोड — कोमट — पान चिकटतंय —
तात्या, हे पोलिसांना द्या. गुंडा टाकीतच आहे. मी पाहिलं होतं. पाहूनही पडद्यावरून पुसलं. पुसायला लावलं त्यांचं नाव