बाईसाहेबांकडची आवकाय

७ मे, बुधवार
दुपारी सायरनची तालीम. हैदराबादेत, निदान आमच्या काचीगुड्यात, कुत्र्यांशिवाय कुणी घाबरलं नाही. सून मधुरा कुकटपल्लीचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. बॅगेत कपडे कमी, चार्जर तीन. माझा मुलगा आशू सीमेवर. परवापासून त्याचा फोन नाही. युनिटकडून एवढंच कळलं की तिकडे सगळ्यांचे फोन बंद ठेवलेत. म. जेवली नाही. टीव्हीसमोर बसून. मी टीव्ही बंद केला, तिने तीच वाहिनी फोनवर लावली. मला जे काय बोलायचं होतं ते देवघरात बोलून घेतलं.

८ मे, गुरुवार
सकाळी सिकंदराबादहून बाईसाहेबांचा फोन. संस्थान गेलं, बंगला बिल्डरकडे गेला, आता दोन खोल्यांचा फ्लॅट. आवाज मात्र तोच. "कैऱ्या आल्यात. उद्या आवकाय घालायची आहे, सुनेला घेऊन या." छावणीत ज्यांची माणसं पुढे गेली आहेत त्या घरांत हे लोणचं वाटायचं.

म. म्हणाली, "आई, तिकडे युद्ध चाललंय आणि आपण लोणचं घालायचं? राजघराण्याला अजून दरबार भरवायची हौस दिसते."

नानांचा, माझ्या वडिलांचा, सूर अगदी हाच. एकाहत्तरच्या लढाईत बाईसाहेबांच्या सासूबाई, राणीसाहेब, रोज दुपारी बायकांना जमवून जवानांसाठी स्वेटर विणून घेत. नाना निजामाच्या तुरुंगात राहून आलेले, राजेरजवाडे म्हटलं की उठून जात. आई मात्र जायची. दादा आघाडीवर होता. एकीने पाठ विणायची, दुसरीने बाही. घरी रडत बसायची सोय नाही, पुढची खोळंबणार. दादा जखमी झाल्याची तार आली त्या दिवशी राणीसाहेब सरळ आमच्या स्वयंपाकघरात आल्या. धीराचं एक वाक्य नाही. दूध उतू जात होतं ते पदराने धरून उतरवलं आणि आईजवळ पाटावर बसल्या, दिवेलागणीपर्यंत. निघताना नाना त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले.

हे म.ला सांगितलं. म्हणाली, "मामा वाचले, म्हणून हे सगळं गोड वाटतं तुम्हाला."



९ मे, शुक्रवार
गेलो. मी हुकूम सोडला म्हणून. मी बी.एस्सी. झालेली बाई, लोणच्याने लढाया जिंकत नाहीत हे मलाही कळतं. पण घरात बसून तरी कोण काय जिंकत होतं?

हॉलभर चादरी. कैऱ्यांच्या फोडी पुसणं, मोहरीची पूड, तिखट, मीठ, लसूण, तेल. आठ-नऊ जणी, बहुतेक फौजेतल्यांच्या बायका. बाईसाहेबांना आता मांडी घालता येत नाही. दाराशी खुर्चीत बसून होत्या, सगळ्यांचे फोन मांडीवर घेऊन. त्यांचा नियम: हात तिखटात असताना फोनला लावायचा नाही. "वाजला की मी हाक मारीन. डोळे पुसायचे झाले तर शेजारणीकडून पुसून घ्यायचे."

म.चे डोळे एका सुभेदाराच्या बायकोने कोपराने पदर सरकवून पुसले. "रो नक्को अम्मा, अचार में नमक जास्ती होता!" सगळ्या हसल्या. म.सुद्धा. आल्यापासून पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईसाहेबांनी उचलायला बोट फिरवलं ते उलट्या बाजूला. कट. परत लावून पाहिला, लागेना.

म. ओरडली, "उचलता येत नाही तर दुसऱ्यांचे फोन धरता कशाला? राणी असाल तुमच्या घरी!"

बाईसाहेब म्हणाल्या, "चुकलं माझं, बाळ." बस्स.

म. तशाच हातांनी निघाली. रिक्षात स्क्रीन तिखटाने लाल. आशू होता, की कुणी क्रेडिट कार्ड विकणारा...

१० मे, शनिवार
सकाळी दारात बाईसाहेब. वय चौऱ्याऐंशी, लिफ्ट बंद, तीन जिने चढून. मी म्हटलं, "एवढं वर कशाला यायचं? फोन करायचा."

"फोन मला कापताच येतो."

म. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. त्या आत गेल्या. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं मला काही ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही. बसू?"

मग म. सरकली, जागा केली.

मी उपमा केला, चहा केला. दुपारी म. त्यांना फोन उचलायला शिकवत होती. मी स्वयंपाकघरातून लावायचा, त्यांनी घ्यायचा.
"हॅलो, कोण?"
"मी."
"मी म्हणजे कोण, नाव सांगा की!"
"गॅसजवळची!"

माझ्या आईजवळ एक बसली, माझ्या सुनेजवळ दुसरी. उपकार बोलून दाखवायची मला सवय नाही. इथे लिहिते. फार बरं केलंत, बाईसाहेब.

संध्याकाळी टीव्हीवर, गोळीबार थांबला. खाली फटाके. म. फोन हातात घेऊन गॅलरीत. नाही वाजला.

११ मे, रविवार
तिसऱ्या दिवशी आवकाय ढवळायची, मीठ बघायचं. मी मुद्दाम विषय काढला नव्हता. म.च न्हाऊन तयार. "आई, चला ना, ढवळायची राहून जाईल."

तिथे दोघींना नवऱ्यांचे फोन येऊन गेले होते. म.ला बघून त्या कुजबुजायला लागल्या. म. म्हणाली, "मोठ्याने सांगा की. काय म्हणाले?" मग त्यांनी सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मध्येच विचारलंसुद्धा, जेवण काय मिळतंय वगैरे.

मीठ कमी होतं. घातलं. काम संपल्यावर म.ने उरलेल्या चार कैऱ्या मागून घेतल्या, फोडून, पुसून निराळ्या कालवल्या. बिनलसणाच्या.

"ही कुणाची गं?" बाईसाहेब.

"आशूची. त्याला लसूण चालत नाही. मुरायला किती दिवस लागतील?"

"महिना तर पाहिजेच."

"चालेल," म. म्हणाली. वरून तेल ओतलं, फडकं बांधलं. येताना रिक्षात बरणी दोन्ही हातांनी धरून बसली होती. फोन माझ्या पर्समध्ये.