बाबांची अळंब्यांची जागा

ल्होत्का, १४ ऑक्टोबर

तीर्थरूप व्रातिस्लावदादास,

धाकट्या बोहुमिलचा उभ्यानेच नमस्कार (वाकलो असतो, पण गुडघा परवानगी देत नाही). तुझी प्रकृती विचारत नाही. चार पाने भरून शिव्या लिहिणाऱ्याची प्रकृती ठणठणीतच असते. वहिनींच्या पायाची सूज उतरली का, ते मात्र कळव. इकडे सगळे बरे आहे. आमची इवाना तेवढी माझ्याशी बोलत नाही, पण लेकीच्या अबोल्याला मी विश्रांती समजतो.

आता तुझ्या आरोपाकडे वळतो. होय, दाखवली. बाबांनी आपल्या दोघांखेरीज कुणालाही न दाखवलेली अळंब्यांची जागा मी रोसिओला दाखवली, आणि पुन्हा दाखवीन. ही सोळा वर्षांची पोर चिलीहून वर्षभर इथल्या शाळेत शिकायला आली आहे आणि इवानाने तिला घरी ठेवून घेतले आहे. तेव्हा माफीबिफी मिळणार नाही. पुढच्या महिन्यात सेंट मार्टिनच्या सणाला भाजलेल्या हंसाच्या जेवणाला येणार नाही म्हणतोस, तर नको येऊस. तुझ्या वाटणीची तंगडी मी खाईन.

"सख्ख्या जावयाला वीस वर्षांत दाखवली नाहीस आणि परक्या पोरीला दाखवतोस?" असे तू विचारले आहेस. दादा, तू रादेकला एकदा जंगलात नेऊन बघच. तो दुकानातून प्लास्टिकच्या डबीत बसलेल्या अळंब्या आणतो आणि वर सांगतो की त्या धुतलेल्या आहेत. उलट ही पोर (पहिल्याच दिवशी बाहेरच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात आली हे खरे, आणि इवानाच्या हातचे पिठाचे उकडलेले डम्पलिंग पाहून "हा पाव भाजायचा राहिलाय का?" असे विचारले हेही खरे) पहाटे पाचला उठते, माझ्या कैलासवासी हेलेनाचे रबरी बूट दोन जोड मोजे घालून चढवते आणि जंगलात तोंडातून ब्र काढत नाही. आपल्या घराण्यात बाबांनंतर जंगलात गप्प बसणारे हे पहिलेच माणूस. (तू गातोस. साठ वर्षे हे पोटात ठेवले होते, आज सांगून टाकले.)

राहिला नकाशा. खानावळवाल्या कोपेत्स्कीने तुला फोन करून मीठमसाला लावला आहे, म्हणून खरे काय घडले ते ऐक. शाळेत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन होते. रोसिओने आपल्या जंगलाचा चांगला टेबलाएवढा रंगीत नकाशा काढला. त्यात लाकडाची वखार, ओढा, शिकाऱ्यांचे मचाण, सगळे होते, आणि एका ठिकाणी तांबडी फुली मारून खाली लिहिले होते, 'आजोबांच्या अळंब्या'. ज्या बापांनी जन्मात पालकसभेचे तोंड पाहिले नव्हते, ते चष्मे लावून त्यापुढे उभे. अग्निशमन दलाचा प्रमुख तर बोटांनी अंतर मोजत होता. मी जाऊन नकाशाला पाठ लावली आणि शाळा बंद होईपर्यंत हललो नाही. कोपेत्स्की म्हणाला, "काका, जरा सरका की. पोरीची चित्रकला बघू द्या." मी म्हटले, "चित्रकलाच बघायची ना? पलीकडं मधमाशी काढलीय कुणीतरी, ती बघ जा."

घरी आलो ते तिला फाडून खायच्या तयारीने. ती जॅमचा बन खात बसली होती. म्हणाली, "आजोबा, कुणी विचारलं तर थाप मारायची, असं तुम्हीच शिकवलंत ना? पण सगळेच विचारतात हो. दुकानात, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे. म्हटलं, सगळ्यांना एकदाच थाप मारून मोकळं व्हावं."

दादा, रविवारी उजाडायच्या आत चाळीसेक माणसे टोपल्या घेऊन वखारीमागच्या दलदलीत उतरली. कोपेत्स्कीचा डावा बूट अजून तिथेच आहे. आपण दोघांनी आयुष्यभर एकेकाला गाठून थापा मारल्या, या पोरीने अख्खे गाव एका कागदात गुंडाळले. इवानाला शाळेत जाऊन माफी मागावी लागली, अबोला त्याचाच आहे. मी मागणार नाही, त्यांच्याकडेही नाही आणि तुझ्याकडेही नाही. बाबांची जागा शाबूत आहे. तू आपले शब्द परत घे.

न झुकणारा तुझा भाऊ,
बोहुमिल

ता. क. सोबत वाळवलेल्या अळंब्यांची पिशवी आहे. सुपात घालायच्या आधी रात्रभर भिजवायला वहिनींना सांग.

आणखी एक. 'दाखवली' असे मी वर दोनदोनदा लिहिले, ते खोटे आहे. सप्टेंबरात तिला घेऊन निघालो आणि ओढ्यापाशी थांबलो. डावीकडे जायचे की उजवीकडे, काही केल्या आठवेना. बाबांचे बोट धरून गेलेली वाट, दादा, आणि माझ्या डोक्यात नुसते पांढरे. मला फार भीती वाटली. पोरीला म्हटले, दम लागलाय. तिने तिथला दगड कसा होता, बर्चची झाडे किती होती, एवढेच माझ्याकडून काढून घेतले आणि अर्ध्या तासात जागा शोधून मला हाक मारली. तेव्हापासून तीच मला नेते. इवानाला यातले काही ठाऊक नाही, आणि तूही सांगायचे नाहीस. जूनमध्ये पोर चिलीला आपल्या घरी जाईल. शनिवारी सकाळच्या गाडीने ये, आणि वाट तुला आठवते का ते बघ. आठवली नाही तर लाजू नकोस. तिच्या मागून आपण दोघे चालू.